६४ खोकी, पाच माणसं आणि एक वही

मिस्टर बँकेत होते. १९९३ पासून यंदाच्या फेब्रुवारीत निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नऊ बदल्या झाल्या आणि नऊही वेळा घरातलं सामान मीच बांधलं. कुडाळ, लातूर, चंद्रपूर, रत्नागिरी, जळगाव असं करत करत शेवटची आठ वर्षं कोल्हापूर. आता पुण्यात, वारज्याला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. हे दहावं बिऱ्हाड आणि आता इथून हलायचं नाही.

या खेपेला दोन गोष्टी मी पहिल्यांदाच केल्या. खोकी, टेप, बबल रॅप असं सगळं साहित्य नवं विकत आणलं आणि पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांना बोलावलं. दोन्हींबद्दल लिहिते आहे, कारण फेब्रुवारीत मला अशी माहिती हवी होती तेव्हा नुसत्या ‘सर्व्हिस छान’, ‘सर्व्हिस बेकार’ अशा ओळी मिळाल्या. साहित्याला मी पैकीच्या पैकी मार्क देते. सामान वाहणाऱ्या माणसांनाही पैकीच्या पैकी. कंपनीला दहापैकी सात. कंपनीचं नाव देत नाही; तक्रार होती आणि ती त्यांनी मिटवली, तेव्हा तो विषय माझ्यापुरता संपला आहे.

पूर्वी आम्ही काय वापरायचो ते आधी सांगते. रत्नागिरीहून निघालो तेव्हा आंब्याच्या लाकडी पेट्या गोळा केल्या होत्या आणि त्यातल्याच पेंढ्यात काचेची भांडी बसवली होती. चंद्रपूरला चहाची प्लायवूडची खोकी मिळायची, कडेला पत्र्याची पट्टी मारलेली. गाद्या गोणपाटात घालून दाभणाने शिवायच्या, भांडी पोत्यात, कपडे साड्यांच्या गाठोड्यात. टेम्पो निघाला की वाटेत एकच काळजी असायची, कुठल्या पोत्यात काय आहे? नव्या गावी पोचल्यावर चहाची गाळणी सापडायला तिसरा दिवस उजाडायचा. लातूरला पोचलो त्या रात्री मुलाला ताप होता आणि औषधांची पिशवी कुठे बांधली गेली होती ते मला आठवेना. रात्री अकराला मिस्टर अनोळखी गावात मेडिकल शोधत फिरले. तेव्हापासून मी वही ठेवते. वहीबद्दल पुढे लिहितेच.

आता खोकी. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत घाऊक दुकानांतून जुनी खोकी स्वस्तात मिळतात, आधी मी तीच बघायला गेले. पण बिस्किटाचं, साबणाचं, तेलाच्या पिशव्यांचं असं प्रत्येक खोकं वेगळ्या मापाचं. एकावर एक रचली की डोलायला लागतात. साबणाच्या खोक्याचा वास कपड्यांना लागला तर चालतो, पण डाळ-तांदळाला लागला तर महिनाभर जात नाही. शेवटी शेजाऱ्यांच्या ओळखीने शिरोली एमआयडीसीत गेले. तिथे एक खोकी बनवणारे आहेत, त्यांचं मुख्य काम फौंड्रीवाल्यांना कास्टिंगसाठी खोकी पुरवायचं. लोखंडाचे सुटे भाग ज्यात जातात त्यात माझी पातेली सहज जातील, असं म्हणून तिथूनच घेतली.

खोकं घेताना पुठ्ठ्याची कड बघायची. दोन सपाट कागदांच्या मधे एकच नागमोडी थर दिसला तर ते थ्री प्लाय. तीन सपाट कागद आणि त्यांच्यामधे दोन नागमोडी थर असतील तर फाइव्ह प्लाय. कपडे, उशा, प्लास्टिकचे डबे यांना थ्री प्लाय पुरतं. भांडी, पुस्तकं, मिक्सर, देवाची पितळी भांडी यांना फाइव्ह प्लायच हवं. मी सगळीच फाइव्ह प्लाय घेतली, कारण ट्रकमध्ये कोणतं खोकं तळाला जाईल हे आपल्या हातात नसतं. तीन मापं घेतली. १४ बाय १० बाय १० इंचाची २४ खोकी ३८ रुपयांप्रमाणे, १६ बाय १२ बाय १२ ची २४ खोकी ६२ रुपयांप्रमाणे आणि १८ इंची चौकोनी १६ खोकी ९२ रुपयांप्रमाणे. सगळी मिळून ३,८७२ रुपये झाले. घडी करून दिली, रिक्षात मावली.

लहान खोकी जास्त घ्या, हे मी आवर्जून सांगेन. लहान खोक्यात पुस्तकं ठासून भरली की साधारण चौदा किलो होतात. तीच पुस्तकं १८ इंची खोक्यात भरली तर पन्नास किलोच्या वर जातात, म्हणजे धान्याचं अख्खं पोतं. आमचं कोल्हापुरातलं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ४१ पायऱ्या. ते पोतं कुणीतरी पाठीवर घेऊन त्या ४१ पायऱ्या उतरणार. मी भरताना प्रत्येक खोकं स्वतः उचलून दोन पावलं चालून बघितलं. माझं वय सत्तावन्न. मला जे उचललं नाही ते उघडून दोन खोक्यांत वाटलं. मोठ्या खोक्यांत फक्त गोधड्या, उशा, स्वेटर, पडदे, प्लास्टिकचे डबे आणि सासूबाईंच्या लोकरीचे गुंडे.

टेपमध्ये मात्र मी पहिल्यांदा फसले. राजारामपुरीत एका दुकानात तीस रुपयांना तपकिरी टेप मिळाली म्हणून चार गुंडाळ्या घेतल्या. आतली पुठ्ठ्याची नळीच इतकी जाड होती की टेप अर्धीसुद्धा नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन खोक्यांचे तळ उकललेले. मग खोकीवाल्यांकडूनच दोन इंच रुंदीची जाड टेप आणली, ५५ रुपयांची, आठ गुंडाळ्या लागल्या. त्यांनीच तळाला टेप कशी मारायची ते दाखवलं: मधल्या फटीवर एक लांब पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर आडवी एकेक. इंग्रजी एच अक्षरासारखी. तशी मारलेलं एकही खोकं सुटलं नाही. टेप कापायचा दातेरी कटर घ्या. दातांनी टेप तोडून माझ्या ओठाला चीर पडली तेव्हा मी तो आणला.

बबल रॅप ३० मीटर घेतला, पुरून उरला. फुगे आतल्या बाजूला, वस्तूकडे करून गुंडाळायचे. पण पॉलिश केलेल्या लाकडाला थेट लावू नका. उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये फुग्यांचे ठसे पॉलिशवर उमटतात. आमच्या शिसवी देव्हाऱ्याला मी आधी जुनी सुती साडी गुंडाळली आणि मग वरून बबल रॅप. स्ट्रेच फिल्म, म्हणजे ती ताणली जाणारी पारदर्शक पट्टी, एक मोठी गुंडाळी आणली. ड्रॉवर उघडू नयेत म्हणून, खुर्च्या एकमेकींना बांधायला, गाद्यांवर धूळ बसू नये म्हणून. या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. रद्दीऐवजी कोरा न्यूजप्रिंट दहा किलो आणला. छापील वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कपांना लागते आणि नव्या घरात गेल्या गेल्या सगळं धूत बसावं लागतं. मोजून साहित्याचा सगळा खर्च ५,६८२ रुपये झाला. कंपनीने पूर्ण पॅकिंगचे नऊ हजार जास्त सांगितले होते.

वेळेचं गणित असं केलं. सासूबाईंची एकच इच्छा होती की यंदाची गुढी नव्या घरात उभारायची. म्हणजे पाडव्याच्या आठ दिवस आधी पोचायचं, आणि तिथून मागे पाच आठवडे मोजले. एक बरं झालं की हे दिवस मोकळे असतात. मे महिन्यात शाळा संपल्यावर सगळेच निघतात आणि महिनाअखेरीला भाडेकरू घर सोडतात, तेव्हा गाड्या मिळत नाहीत. आम्ही महिन्याच्या मधला मंगळवार धरला.

पहिल्या आठवड्यात काही बांधलं नाही, फक्त काढलं. माळा, दिवाणाचं पोट, गॅलरीतलं कपाट. बोहारणीला साड्या देऊन दोन स्टीलचे डबे घेतले. रद्दीवाल्याने ४६ किलो रद्दी नेली. मुलाच्या बारावीच्या गाइडांना अजून मी जपून ठेवलं होतं, ती शेजारच्या मुलीला दिली. दुसऱ्या आठवड्यात माळ्यावरचं बांधलं: चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र, गणपतीची आरास, दिवाळीचे आकाशकंदील. तिसऱ्यात पुस्तकं आणि लोकरीचे कपडे. किराणा भरायचा बंद केला आणि घरात असेल ते खाऊन संपवायला सुरुवात केली. त्या महिन्यात आमच्याकडे कडधान्यांची उसळ रोज होती. मिस्टरांनी कुरकुर केली नाही, ही नोंद इथे करते.

गॅसचं काम चौथ्या आठवड्यात करून टाकावं. भरलेला सिलिंडर सामानाच्या गाडीत कुणी घेत नाही आणि घेऊही नये. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचा, टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं आणि ते नव्या गावच्या एजन्सीत दाखवून कनेक्शन घ्यायचं. कनेक्शनची पुस्तिका हाताशी ठेवा. शेवटचे चार दिवस मी इंडक्शनवर स्वयंपाक केला.

आता वही. साधी दोनशे पानी वही, उभी, हातात मावेल अशी. प्रत्येक पानावर तीन खोकी. नंबर, नव्या घरातली खोली आणि आतल्या वस्तू. ‘किचन सामान’ असं मोघम लिहिलं की त्याचा काही उपयोग होत नाही, हे मी तिसऱ्या बदलीतच शिकले. ‘२३: स्वयंपाकघर. मोठा कुकर, आत वाटणाची भांडी. तवे ३. खिसणी. लाटणी २, पोळपाट. बाजूला नॅपकिन’ असं लिहायचं. नंबर खोक्याच्या वरच्या बाजूला लिहू नका, कारण त्यावर दुसरं खोकं येतं. तीन बाजूंना लिहा, म्हणजे कुठूनही दिसतो. आणि खोलीचं नाव लिहून खोलीप्रमाणे रंगीत कागद चिकटवला: स्वयंपाकघर लाल, आमची खोली निळी, सासूबाईंची पिवळी, हॉल हिरवा. तेच रंगीत कागद वारज्याच्या घरी दारांच्या चौकटीवर चिकटवून ठेवले. मुलगा आदल्या रविवारी जाऊन चिकटवून आला.

एक नंबरचं खोकं पहिल्या रात्रीचं. हे सगळ्यात शेवटी गाडीत चढतं आणि सगळ्यात आधी उतरतं. त्यात चहा, साखर, दूध पावडर, गाळणी, एक पातेलं, सांडशी, इंडक्शन, पाच स्टीलचे पेले, छोटा कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, मीठ, हळद, तीन ताटं. दोन चादरी, टॉवेल, साबण, झाडूचं डोकं, एक्स्टेंशन बोर्ड, दोन बल्ब, कात्री, स्क्रू ड्रायव्हर. औषधं मात्र त्यात नाहीत. औषधं, दागिने, घराची कागदपत्रं, पासबुकं आणि मिस्टरांच्या पेन्शनची फाइल माझ्या खांद्याच्या पिशवीत. ते गाडीत कधीच द्यायचं नाही.

पलंग सोडवला की निघणारे स्क्रू आणि बोल्ट पलंगाच्याच फळीला टेपने चिकटवायची पद्धत आहे. ती टेप काढताना पॉलिश निघतं. मी श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवले होते. प्रत्येक फर्निचरचा एक डबा, वर नाव. टीव्ही आणि वायफायच्या मागच्या वायरींचे मोबाइलवर फोटो काढले. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून, बर्फ वितळवून कोरडा पुसला. नव्या घरी तो उभा ठेवून चार-पाच तासांनी सुरू केला, कारण कॉम्प्रेसरचं तेल खाली बसायला वेळ लागतो. आणि कुणाकडे समोरून उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर घेताना मिळालेले ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा. ते मागून लावले की ड्रम जागचा हलत नाही. आमचे सापडले, मशीनच्याच पिशवीत होते, आठ वर्षं.

कंपन्यांबद्दल. तिघांकडून दर मागवले. एकाने फोनवरच १३,५०० सांगितले, घर बघायलासुद्धा आला नाही. गेल्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना असाच स्वस्त दर सांगून गाडी भरल्यावर ती पुण्याच्या अलीकडे थांबवून आणखी आठ हजार मागितले होते. सामान त्यांच्या ताब्यात, द्यावेच लागले. म्हणून मी घर पाहून, खोल्या हिंडून, यादी लिहून दर देणाऱ्यालाच होकार दिला. २६,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१,२७०. त्यात किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे चारही टोल धरले आहेत का, पलंग सोडवणं-जोडणं आहे का, लिफ्ट बंद असली तर पाचव्या मजल्यापर्यंत चढवण्याचे वेगळे पैसे आहेत का, गाडीत फक्त आमचंच सामान असेल का, हे चारही प्रश्न मी विचारले आणि उत्तरं कोटेशनवर लिहून घेतली. त्यांनी कटकट न करता लिहून दिली. हा त्यांचा मोठा गुण.

विम्यात मात्र नीट कान देऊन ऐका. त्यांनी सामानाच्या किमतीच्या तीन टक्के ‘इन्शुरन्स’ म्हणून सांगितले. कोणत्या विमा कंपनीची पॉलिसी, कागद दाखवा, असं विचारल्यावर कळलं की पॉलिसी नाहीच, कंपनीच आपल्या जबाबदारीवर भरपाई देते. त्यात एक अट बारीक अक्षरात: मालकाने स्वतः बांधलेल्या खोक्यांची जबाबदारी नाही. म्हणजे माझी ६४ खोकी त्यात बसतच नव्हती. मग मी टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि काचेची क्रोकरी एवढ्याचीच ६०,००० किंमत धरून १,८०० रुपये भरले, आणि क्रोकरी त्यांनाच बांधायला दिली.

आणि तीच फुटली. माझ्या खोक्यांतला एकही कप फुटला नाही, त्यांनी बांधलेल्या पाच खोक्यांपैकी एकात तीन मोठ्या प्लेटा आणि एक बाऊल गेला. कारण मी उघडल्या उघडल्या पाहिलं. प्लेटा आडव्या, एकावर एक रचल्या होत्या. प्लेट नेहमी उभी ठेवायची, पुस्तकं कपाटात उभी असतात तशी, प्रत्येकीमधे कागद आणि तळाला चुरगळलेल्या कागदाची गादी. उभी प्लेट धक्का सोसते, आडव्या चळतीत वरच्या सगळ्यांचं वजन खालचीवर येतं. मी बांधायच्या वेळी तिथे उभी राहिले असते तर सांगितलं असतं, पण तेव्हा मी कपाट रिकामं करत होते. डिलिव्हरीच्या कागदावर सही करायच्या आधी मी त्यावर ‘खोकं क-३ मधील ३ प्लेट, १ बाऊल फुटले’ असं लिहिलं, फोटो काढले आणि सुपरवायझरची सही घेतली. तीन फोन करावे लागले, एकोणिसाव्या दिवशी १,४०० रुपये आले. तक्रार मिटली, पण सासूबाईंच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आणलेला सेट होता तो, आणि तो सेट आता पुरा होणार नाही. तीन मार्क मी त्यासाठी कापले.

माणसांबद्दल मात्र मला मनापासून लिहायचं आहे. सकाळी आठला पाच जण आले. सुपरवायझर कोल्हापूरचेच, बाकी चौघं पोरं बिहारची, दरभंग्याकडची. स्टीलचं कपाट त्यांनी एका रुंद पट्ट्यावर, एकाने वरून आणि एकाने खालून, ४१ पायऱ्या उतरवलं आणि भिंतीला एक ओरखडा नाही. मी ते आधीच रिकामं केलं होतं. खालचा मुलगा प्रत्येक वळणावर ‘रुको’ म्हणायचा आणि श्वास घ्यायचा. लहान खोकी पाहून तो म्हणाला, ‘मौसी, किताबें हैं ना? लोग बड़े डिब्बे में भरते हैं।’ मग दोन-दोन खोकी उचलून गेला.

वारज्याला खोकी उतरताना हाच मुलगा दाराशी उभा राहून खोक्यावरचं वाचत होता. ‘स्व... यं... पाक...’ असं अक्षर अक्षर जुळवत थांबला आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘रसोई?’ मी हो म्हटलं. त्यानंतर त्याने रंग नाही, शब्दच वाचले. देवघर, हॉल, आईंची खोली. चौसष्टच्या चौसष्ट खोकी बरोबर खोलीत गेली, मी फक्त दारात बसून वहीत टिक करत होते. गुढीची वेळूची काठी पडद्यांच्या रॉडांबरोबर बांधलेली होती, ती त्याने उतरवली तीही आडवी न टाकता भिंतीला उभी करून. ‘ये पूजा की है ना?’ मी त्याला ते सांगितलं नव्हतं, त्याला टोकाला बांधलेल्या लाल धाग्यावरून कळलं असणार.

गाडी रात्री नऊला कोल्हापुरातून निघाली आणि पहाटे साडेचारला वारज्याला पोचली. सोसायटीत सामान नऊच्या आधी चढवू देत नाहीत. हे मी आधी विचारून ठेवलं होतं आणि कंपनीला सांगितलंही होतं, तरी गाडी पहाटेच आली आणि पोरांना गाडीतच बसून राहावं लागलं. हे मला पटलं नाही. आम्ही सहाला कारने पोचलो. सासूबाई पुढच्या सीटवर, मांडीवर ताम्हणात देव, रेशमी वस्त्राने झाकलेले. देव गाडीत द्यायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट होता आणि माझाही. मी एक नंबरचं खोकं मागवून घेतलं, पार्किंगमध्येच वॉचमनच्या खोलीतल्या प्लगवर इंडक्शन लावलं आणि सगळ्यांना चहा केला. गाळणी पहिल्या मिनिटाला हातात आली.

लिफ्टला सोसायटीने आतून प्लायवूड लावायला लावलं आणि पाच हजार अनामत घेतली, संध्याकाळी परत दिली. तुमच्या सोसायटीत असा नियम आहे का ते आधी विचारा. दुपारी दोनला गाडी रिकामी झाली. जाताना मी पाचही जणांना जेवायला थांबवलं, डाळ-भात आणि लोणचं. लोणच्याची चिनी मातीची बरणी माझ्या स्वतःच्या हातात आली होती. तोंडावर आधी प्लास्टिक, मग फडकं, मग सुतळी, आणि ती बादलीत उभी. तेलाचा एक थेंब सांडला नाही.

आता कुणी विचारलं तर मी असं सांगेन. खोकी फाइव्ह प्लाय आणि लहान मापाची घ्या, फौंड्रीवाल्यांना जे पुरवतात त्यांच्याकडे मिळाली तर उत्तम. स्वयंपाकघर, कपडे, पुस्तकं स्वतः बांधा, आणि क्रोकरी कंपनीला दिलीत तर बांधून होईपर्यंत जवळ उभ्या राहा. या कंपनीला मी पुन्हा बोलावीन, पण तेच सुपरवायझर आणि तीच चार पोरं येणार असतील तर.

खोक्यांचं विचाराल तर ६४ पैकी ५७ खोकी अजून कडक आहेत. घडी करून गॅलरीत ठेवली होती. समोरच्या विंगमधल्या एका शिक्षिकेची मे अखेरीस चिपळूणला बदली झाली, ती सगळी तिला दिली. पावसाच्या तोंडावर जाते आहे, म्हणून बरोबर जाड प्लास्टिकही दिलं, कारण भिजलेला पुठ्ठा टिकत नाही. माझे नंबर तिने काळ्या मार्करने खोडले आणि आपले लिहिले. एक नंबरचं खोकं मात्र तिने तसंच ठेवलं.